मधली खुर्ची

रिसोडला मला खोली मिळाली ती माझ्या आवाजामुळे. गाण्याबिण्याचा आवाज नव्हे. त्या बाबतीत देवाने माझ्यावर काही उपकार केलेले नाहीत. साधा बोलण्याचा, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा मास्तरणीचा आवाज. ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला मी कोल्हापूरकडून इतक्या लांब आले होते आणि उन्हातान्हात खोली शोधत फिरत होते. एका दुमजली घरापुढे गाद्यांच्या ढिगावर एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते. त्यांना खोलीचं विचारलं, तर त्यांनीच मला उलटा प्रश्न केला.

"वरतं खोली हाय. पन तुमचा आवाज खाली आयकू येते का?"

मला वाटलं, शांतताप्रिय माणूस दिसतो. म्हटलं, "नाही हो, माझा काही त्रास व्हायचा नाही तुम्हाला."

"तरासाचं नाई इचारून राह्यलो. वर जा, गॅलरीत उभ्या राहा आन् काईतरी बोला."

गेले. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा "महाराष्ट्राच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे," असं जाहीर केलं. खाली त्यांनी खुशीत हात वर केला. "पास! आना सामान." माझ्या आधी तिथे राहणारे एक सज्जन फार हळू बोलायचे म्हणून त्यांना खोली सोडावी लागली होती, हे मला मागाहून कळलं. तोवर माझा पलंग वर चढला होता.

घरमालकांचं बिछायत केंद्र होतं. लग्न-बारशाला लागणाऱ्या गाद्या, सतरंज्या, खुर्च्या, मोठाली पातेली, मंडप आणि लाउडस्पीकर असं सगळं ते भाड्याने देत. या धंद्याने त्यांची नजर आणि हात दोन्ही बिघडवले होते. कुणाच्याही घरी गेले तरी बसण्याआधी खुर्ची उलटी करून तिचे पाय हलवून बघायचे. पडद्याला, टेबलक्लॉथला, पाहुण्यांच्या उपरण्यालासुद्धा बोटांनी चाचपायचे आणि "धुवून आखडन हे," असं भविष्य सांगायचे. रोज सकाळी माईक तपासायचे, तेव्हा लोक म्हणतात तसं नुसतं हॅलो हॅलो म्हणायचे नाहीत. "आज नळ येनार नाई," किंवा "काल सोयाबीनचा भाव पडला," असं सांगायचे. आमच्या गल्लीला वर्तमानपत्राची गरज नव्हती.

आवाजाच्या परीक्षेचं कोडं मला दुसऱ्याच दिवशी उलगडलं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालून हाक आली.

"मॅडम, घरात सांगा, आज भाजीत मिरची कमी टाका मना."

'घरात' म्हणजे त्यांची बायको. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर ज्वारी निवडत बसली होती. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. कुणीही हसत नव्हतं. मला वाटलं, काकूंना ऐकू येत नसेल. म्हणून मी जोरात ओरडले, "काकू, आज भाजीत मिरची कमी टाका म्हणतात!"

काकूंनी सूप खाली ठेवलं. मान वर केली ती माझ्याकडे. "वरडता काहून? मी काय भैरी हाय? त्यायले सांगा, मिरची तेवढीच हाय, तोंडच तिखट झालं असन."

आणि दोघेही माझ्याकडे बघत राहिले, कारण हा निरोप अजून पोचला नव्हता. मी सांगितल्यावरच घरमालकांनी मान हलवली.

माझा स्वभाव चौकस. माझी आई त्याला चोंबडेपणा म्हणते. नवरा-बायको एकमेकांशी कधीच थेट बोलत नाहीत, हे कळल्यावर मला चैन पडेना. भांडण म्हणावं तर तसं काही दिसत नव्हतं. तो कुठून घरी आला की ही आधीच पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवायची. हिचा पाय मुरगळला तर तो न बोलता गाद्यांतली सगळ्यात मऊ गादी काढून आणायचा. पण शब्द मात्र मधून कुणीतरी न्यायचा.

शेवटी एकदा दळणाला काकूंबरोबर गेले आणि विचारलंच. त्या इंझोरीच्या लेक. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे दिवसभर ओसरीत बसलेले असत. त्यांच्या देखत मुलाने बायकोशी बोलायचं म्हणजे बेअदबी. काही सांगायचं असलं की नवरा बापाला सांगायचा आणि बाप खाकरून सुनेला. "मामाजी लय जगले, मॅडम," काकू म्हणाल्या. "ते गेले तवा आमची पोरगी बोलाले लागली होती. मंग ते पोरगीच सांगे. पोरगी सासरी गेली, मंग भाडेकरू ठेवले."

"आणि एकटे असताना? तेव्हाही बोलत नाही?"

"बोलाचं काय काम पडते?"

"अहो, मग ही मुलगी झाली कशी?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "ते काय बोलून होते का, मॅडम!" गिरणीवाला पीठ सांडेपर्यंत हसला आणि मी पुढचे कितीतरी दिवस गिरणीत गेले नाही.

एकदा मी निरोपात हात घातला. घरमालक म्हणाले होते, "घरात सांगा, कालची भाजी खारट होती." मी मुद्दाम वाकून गोड आवाजात म्हटलं, "काकू, कालची भाजी छान झाली होती म्हणतात." काकूंनी मूळ वाक्य ऐकलंच होतं. त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. घरमालकांना मात्र ते मुळीच रुचलं नाही. पायरी चढून ते अर्ध्यापर्यंत वर आले आणि म्हणाले, "मॅडम, माईक आपल्या मनानं बोलत नसते."

एसटीतही हीच तऱ्हा. कामरगावला एका लग्नाला निघालो होतो. ते ड्रायव्हरच्या मागे बसले, काकू आणि मी बायकांच्या घोळक्यात पार मागे. स्टँड जवळ आलं तसं त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "सायेब, मांगं सांगा, उतराचं हाय." कंडक्टर तिकिटं फाडण्यात गुंतलेला, त्याने पुढच्या बाकावरच्या माणसाला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. निरोप हातोहात मागे येताना मी डोळ्यांनी बघत होते. काकू पिशवी घेऊन केव्हाच उभ्या राहिल्या होत्या. पण निरोप आमच्या बाकापर्यंत पोचेपर्यंत त्यांनी पाऊल उचललं नाही.

अशा या जोडप्याबरोबर मी विमानाने अमेरिकेला गेले.

त्यांची मुलगी तिकडे होती आणि तिला दिवस गेले होते. प्रकृती नाजूक, सासूबाई हयात नाहीत, म्हणून आईला बोलावणं आलं. एकटी आई येणार नाही, म्हणून बाबांनाही. माझा भाऊ त्याच शहराजवळ राहतो आणि मला उन्हाळ्याची सुट्टी होती. मुलीने फोनवर मला गळ घातली, "मॅडम, तिकिटं मी एका ओळीत काढते. आई खिडकीपाशी, बाबा वाटेवर. तुम्ही मधे बसाल ना?" बापाला ती चांगलीच ओळखून होती.

पण त्याच फोनमध्ये तिने आणखीही एक सांगितलं होतं आणि ते सगळ्या घराने ऐकलं होतं. "आई, तू आता इथंच राहा. कायमची. बाबांना राहायचं असेल तर राहू देत, नाहीतर त्यांचं बिछायत त्यांना लखलाभ." बाबांचं परतीचं तिकीट लग्नसराई संपायच्या आत होतं. आईचं परतीचं काढलेलंच नव्हतं.  घरमालक उठले आणि सतरंज्या झटकू लागले. काकू तयारी करत होत्या, पापड-कुरडया बांधत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या. काही निरोप आहे का, असं ते बघणं असायचं. निरोप नव्हता.

विमानात शिरल्या शिरल्या घरमालकांनी खुर्ची उलटी करायचा प्रयत्न केला. ती जमिनीला पक्की असल्याचं पाहून त्यांना आदर वाटला. गादी दाबून बघितली आणि मान हलवली. "मॅडम, एवढी पातळ गादी देली असती तं गिऱ्हाईकानं मले दारात उभं केलं नसतं." विमान धावू लागलं तसा काकूंनी माझा हात पकडला. त्यांच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. दुसऱ्या बाजूने आवाज आला, "तिले सांगा, डोये मिटून घे मना." मी सांगितलं. मिटलेल्या डोळ्यांनी काकू म्हणाल्या, "त्यायले सांगा, केवाचेच मिटले." मग ढगांच्या वर आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पुढे किती तरी वेळ खिडकीला नाक लावून, पिंजलेल्या कापसाच्या गाद्या पसरल्यासारखं ते पांढरं जग बघत राहिल्या.

जेवण आलं. ताटं पुढून मागे वाढत येत होती. आमच्या पुढ्यात ठेवली गेली तसं घरमालकांनी झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं.

"जेवा ना," मी म्हटलं.

"पंगत मांगं पोचली नाई अजून."

आयुष्यभर त्यांनी पंगती सांभाळल्या होत्या. शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिल्या पानाने घास उचलायचा नाही आणि बिछायतवाल्याने तर सगळ्यांच्या शेवटी. ते उभे राहून मागे बघू लागले. विमान मोठं, माणसं शेकड्यांनी, पंगत काही संपेना. ती संपली तेव्हा त्यांनी समाधानाने झाकण काढलं, तोच हवाईसुंदरी ताटं गोळा करत आली. तिने विचारलं, झालं का? घरमालक हिंदीत म्हणाले, "बेटी, पहले तुम लोग बैठो. वाढनेवाले भूखे नहीं रहना."

तिला काही कळलं नाही. ती हसली आणि ताट उचलून घेऊन गेली.

"त्यायले सांगा," काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या, "हे लग्न नव्हे."

मी सांगेपर्यंत त्यांनी आपल्या ताटातला अर्धा पाव आणि लोण्याची चकती कागदी रुमालात बांधून माझ्या मांडीवर ठेवली होती. ताट उचललं जाण्याच्या कितीतरी आधी बांधून ठेवली असणार. मी ती पुढे सरकवली. घरमालकांनी गाठ सोडली आणि खाल्लं. या पुरचुंडीला निरोप लागला नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मला दोघांचाही हेवा वाटला. मी एकटी राहते. पाव बांधून ठेवणारं मला कुणी नाही.

त्यानंतर वेळ जाईना. पाय सुजले, पाठ धरली. खिडकीबाहेर ऊन तसंच, मावळायचं नावच घेत नव्हतं. खाली कुठला देश होता कोण जाणे. भूगोल शिकवून पोट भरत असून मला सांगता येईना. अशा त्या कुठल्याशा देशाच्या दुपारी काकू खिडकीपासून वळल्या.

"मॅडम, त्यायले इचारा. पोरगी राह्य मनते. मी राहू का वापस येऊ?"

आजवर मी वांगी नेली होती, मीठ नेलं होतं, पाहुण्यांच्या चहाचे निरोप नेले होते. हा निरोप तसा नव्हता. तरी मी वळले आणि शब्दाला शब्द सांगितला. घरमालकांनी ऐकलं होतंच. त्यांची बोटं खुर्चीच्या कापडाची शिवण चाचपत होती. 

"तिले सांगा," ते म्हणाले, "मी झोपलो." आणि त्यांनी डोळे मिटले.

मला असा संताप आला म्हणता! पण माईक आपल्या मनाने बोलत नसतो. "काकू, ते झोपले म्हणतात."

"उठतीन तवा सांगा मना," काकू म्हणाल्या. "मी जागीच हाय."

त्या ताठ बसून राहिल्या. खिडकीबाहेरही बघेनात. मांडीवर हात, नजर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. ह्या बाईने उभा जन्म या माणसाच्या उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला होता आणि आपण त्याला हव्या आहोत की नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं. लेकीने 'राहा' म्हटलं होतं, स्वच्छ, तोंड भरून. याच्याकडून 'ये' निघाला नाही तर ती राहणार, हे माझ्यासारखीला कळत होतं, मग त्याला कळत नव्हतं का?

मी पट्टा सोडला. "माईक बंद पडलाय," असं मोठ्याने म्हटलं आणि त्यांचे गुडघे ओलांडून वाटेत आले.

झोपलेल्या माणसाने डोळे उघडले. "मॅडम, कुठं चालल्या?"

"पाय मोकळे करायला."

"मंग आमचं?"

"तुमचं तुम्ही बघा."

मी मागे जाऊन उभी राहिले. पण पाय कुठले मोकळे होतात. मान आमच्या ओळीकडेच. मधली खुर्ची रिकामी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन डोकी समोर बघत होती.  मला वाटू लागलं, आपण उगाच शहाणपणा केला. मग घरमालक हलले. ते काकूंकडे वळले नाहीत. माझ्या रिकाम्या खुर्चीकडे झुकले, मी बसते तेव्हा माझा कान जिथे असतो तिथे तोंड नेलं आणि त्या खुर्चीला काहीतरी सांगू लागले.

मी झपाझपा पुढे निघाले. मला ऐकायचं होतं. त्या क्षणी त्यापलीकडे मला जगात काही नको होतं. पण चहाची गाडी आडवी आली आणि हवाईसुंदरीने मला हाताने थांबवलं. मी टाचा उंच करून बघत राहिले. काकूही त्याच खुर्चीकडे झुकल्या. काहीतरी बोलल्या, थोडकंच. घरमालकांनी खुर्चीला मान हलवली.

मी पोचले तेव्हा दोघेही पुन्हा सरळ बसले होते.

"मॅडम, चाय सांगा," घरमालक म्हणाले.

मी काकूंच्या कानाशी लागले. "काय म्हणाले?"

"कोन?"

"काका! आत्ता!"

"मले काय मनतीन? ते तुमच्या खुर्चीसंगं बोलून राह्यले होते." आणि त्या खिडकीकडे वळल्या. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. हसत होत्या की डोळे पुसत होत्या, ते त्या पांढऱ्या उजेडात मला कळलं नाही.

सुट्टी संपली, मी परतले. घरमालकही आले, एकटे. त्या दिवसांत ते अंगणात उभे राहून हाक द्यायचे, "मॅडम, घरात सांगा..." आणि तिथेच थांबायचे. स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बघायचे, मग माझ्याकडे. "काई नाई," म्हणायचे. सकाळी माईकवरच्या बातम्या बंद झाल्या. गल्लीतले लोक मला विचारू लागले, नळ येणार आहे का. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की ते मुलीलाच सांगत, "तिले सांगा, पाऊस पडला." पडद्यावर मुलीच्या खांद्यामागे काकू दिसत. मुलगी वैतागून सांगे आणि तिकडून येई, "त्यायले सांगा, छत्री पलंगाखाली हाय." परत कधी येणार, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला राग यायचा आणि कीवही यायची.

नातू रांगू लागला तशा काकू आल्या. कुणी न बोलावता, लेकीच्या रडण्याला न जुमानता. मुलीचा मला फोन आला, चांगला तापलेला. "मॅडम, तुम्ही आईला विमानात काय सांगितलं होतं? काही केल्या थांबेना."

"मी काहीच सांगितलं नाही गं," मी म्हटलं. "मी खुर्चीतच नव्हते."

ते खरंच होतं आणि तेच मला सलत होतं. काकूंना आडून विचारलं, सरळ विचारलं, सण गाठून विचारलं. दाद लागली नाही. पुढे माझी बदली झाली. मी निघायच्या दिवशी घरमालकांनी खाली अंगणात उभं राहून नव्या भाडेकरणीची परीक्षा घेतली. बँकेतली पोरगी, आवाज भलताच नाजूक. तिच्यासाठी त्यांनी गॅलरीत चक्क एक माईक लावून दिला. मी सामानाला दोऱ्या बांधत होते, तेव्हा काकू शिदोरी घेऊन वर आल्या आणि पलंगाच्या लोखंडी पट्टीवर टेकल्या.

"तुमी इचारत होत्या ना," त्या म्हणाल्या, "इमानात काय बोलले मनून."

मी दोरी सोडून दिली.

"तुमच्या खुर्चीले मनले, 'मॅडम, तिले सांगा. निरोप नेनारा कोनीबी भेटन मले. पन निरोप द्याचा कोनाले?'"

 शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज जेमतेम पलंगापर्यंत गेला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय मनू? मनलं, त्यायले सांगा, पोचला."

खालून हाक आली. "मॅडम, घरात सांगा, टेम्पो आला मना."

काकू माझ्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं, तरी उठल्या नाहीत; माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. मी डोळे पुसले, घसा साफ केला आणि अंगणापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात म्हटलं, "काकू, टेम्पो आला म्हणतात."